एकमताने

"दादांचं तेवढं तुम्ही बघा, वहिनी," एवढंच बोलून उदयसिंह दारातूनच परत फिरला. सोसायटीचा चेअरमन झाल्यापासून तो कुणाच्याच घरात बसत नाही. बसलं की चहा होतो आणि चहा झाला की तक्रारी निघतात, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्याच्या बोलण्यात वावगं असं काही नव्हतं. अकरा वाजता आवारातल्या पत्र्याच्या शेडखाली, जिथे दरवर्षी गणपती बसतो तिथे, सभा होती. बिल्डिंग पाडून नवी बांधायची की नाही हे ठरायचं होतं आणि घरटी एकानं आपल्या तोंडानं होय किंवा नाही म्हणायचं होतं. या घरचं तोंड म्हणजे मानसिंग, कारण घर त्याच्या नावावर. तेव्हा त्याचं तेवढं बघा म्हणजे त्याला वेळेवर आवरून, चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणा, असाही अर्थ निघू शकत होता. पण उदयसिंह खुर्चीबद्दल बोलला नव्हता, हे राजलक्ष्मीला पक्कं ठाऊक होतं. दार लावून ती तशीच उभी राहिली. आपल्याला काहीतरी वाईट करायला सांगितलंय आणि ते आपण करणार आहोत, असं तिला वाटलं. मग गॅसवरचं दूध आठवून ती आत गेली.

मानसिंग खिडकीशी बसला होता. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सगळं गेलं असं नाही. एक शब्द मागे राहिला. चाळीस वर्षं तो नव्या मुंबईत राहिला, शिरवण्याजवळच्या कंपनीत युनियनचा सेक्रेटरी म्हणून गेटवर उभा राहून त्यानं भाषणं केली, 'आम्हाला हे मान्य नाही' असं साहेबांच्या तोंडावर शुद्ध मराठीत सांगितलं. आणि सरतेशेवटी त्याच्यापाशी उरलं ते कोरेगाव तालुक्यातलं, लहानपणीचं, 'नगं'. डॉक्टर म्हणाले होते की त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत, जो हाताशी येतो तोच बाहेर पडतो. त्यामुळे चहा हवा का विचारलं की मानसिंग म्हणायचा नगं, आणि तोंड उघडायचा. पंखा लावू का, नगं. लेकीचा फोन आहे, नगं, नगं, आणि डोळ्यांत पाणी. बिल्डिंगमधल्या लोकांना सुरुवातीला वाईट वाटलं, मग सवय झाली, मग जरा गंमतही वाटू लागली. जाता-येता कुणी खिडकीशी थांबून विचारायचं, "काय दादा, बरं हाय ना?" आणि दादांचं नगं ऐकून हसत पुढे जायचं. त्या हसण्यात माया होती. राजलक्ष्मी त्यांच्यावर कधी रागावली नाही.

पण तिला फरक कळत होता. दोन वर्षांत तिनं त्या एका शब्दाचा अभ्यास केला होता, तेवढा तिनं एम.ए.लासुद्धा केला नसेल. वर जाणारं नगं म्हणजे होय. दोनदा आलेलं नगं म्हणजे लवकर. आणि खरं नगं फार क्वचित यायचं. ते खालच्या आवाजात यायचं, डोळे मिटलेले असायचे आणि डावा पंजा मांडीवर घट्ट दाबलेला असायचा. असं नगं तिनं ऐकलं होतं दवाखान्यात, नाकातून नळी घालायची म्हणाले तेव्हा. ऐकलं होतं, लेकीनं, उत्कर्षानं, त्याला बंगळूरला आपल्याकडे नेण्याची गोष्ट काढली तेव्हा. आणि गेल्या महिन्यात, उदयसिंहनं याच खिडकीशी उभं राहून नकाशा दाखवला, तीन वर्षं बाहेर भाड्यानं राहायचं, मग नव्या टॉवरमध्ये मोठी जागा, लिफ्ट, गार्डन, सगळं समजावून सांगितलं, तेव्हा. उदयसिंह हसून म्हणाला होता, "दादांचं नगं म्हंजे होयच." राजलक्ष्मी त्यावर काही बोलली नव्हती.

ही बिल्डिंग मुळात सातारकडच्या माणसांची. पहिल्या सभेत, याच शेडखाली, तेव्हा शेडही नव्हती, कुणीतरी म्हणालं की हात वर करा, मोजून टाकू. तेव्हा तरुण मानसिंग उठून म्हणाला होता, "हात मोजायचं न्हाईत. कंपनीत मोजतो तेवढं बास. हितं मोजलं तर हरल्याली माणसं रोज त्याच जिन्यानं वर-खाली करणार. तोंडं चुकवीत करणार." मग तसाच रिवाज पडला. प्रत्येक घरानं आपल्या तोंडानं सांगायचं, चौथ्या मजल्यापासून सुरुवात करून खाली यायचं, कारण ज्यांना जिना चढायचाय त्यांना आधी मोकळं करायचं. आणि एका जरी घरानं नाही म्हटलं तर विषय तिथंच ठेवायचा, पुढल्या सभेपर्यंत. कायद्यानं असं काही लागत नाही. निम्म्याहून थोडे जास्त मिळाले तरी बिल्डिंग पाडता येते, हे उदयसिंहला माहीत होतं आणि सगळ्यांनाच माहीत होतं. पण इतक्या वर्षांत एकही ठराव 'एकमताने मंजूर' असं लिहिल्याशिवाय झाला नव्हता, आणि ती गोष्ट ही माणसं पाव्हण्यारावळ्यांत छाती फुगवून सांगायची. एकमत मोडून घर पाडायचं, हे त्यांना अपशकुनासारखं वाटत होतं.

दूध उतू गेलंच होतं. ओटा पुसताना राजलक्ष्मीला पोलंड आठवला. आठवायला कारण होतं. निवृत्त झाल्यावर दूरशिक्षणाच्या मुलांसाठी तिनं एक पाठ लिहायला घेतला होता आणि तो आठवडाभर अडून राहिला होता. वाशीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला युरोपचा इतिहास शिकवताना ती दरवर्षी एक तास त्या राज्याला द्यायची. मुलांना तो तास आवडायचा. वारसानं आलेला राजा नको म्हणणारं राज्य. राजा मेला की वॉर्साजवळच्या मैदानावर हजारो सरदार घोड्यांवरून जमायचे आणि नवा निवडायचे. ज्याच्याकडे जेमतेम एक शेत आणि गंजकी तलवार आहे तो सरदारही मत द्यायला यायचा. पहिल्यांदा निवडला तो फ्रान्सचा राजपुत्र. वर्षाच्या आतच भाऊ मेल्याची, तिकडचं सिंहासन मोकळं झाल्याची बातमी आली आणि हा राजा राजवाड्यातून गुपचूप पळून गेला. इथं वर्ग हसायचा. मग ती सांगायची की राज्याभिषेकाआधी राजाला अटी मान्य कराव्या लागत, शपथ घ्यावी लागत असे, आणि त्यात एक कलम असं होतं की राजानं शब्द मोडला तर प्रजेनं त्याची आज्ञा पाळण्याचं बंधन नाही. आणि शेवटी तो मोठा मुद्दा: संसदेत एका सभासदानं जरी उठून मला मान्य नाही म्हटलं की संसद मोडली, तोवरचे सगळे ठराव रद्द. शेजारचे राजे पैसे चारून असा एखादा उठवायचे. होता होता राज्य इतकं खिळखिळं झालं की तिघा शेजाऱ्यांनी ते आपसात वाटून घेतलं, नकाशावरून पुसूनच टाकलं. "एका माणसाच्या नाहीमुळे एक राज्य बुडालं," हे तासाचं शेवटचं वाक्य. मुलं ते जसंच्या तसं परीक्षेत लिहायची. आता पाठ लिहिताना तेच वाक्य तिच्या हातून उतरत नव्हतं.

एकदा, फार वर्षांपूर्वी, रात्रीच्या भाकरी थापताना तिनं ही सगळी गोष्ट मानसिंगला सांगितली होती. त्यानं मन लावून ऐकली. मग विचारलं, "आन् ज्यानं न्हाई म्हटलं, त्याला मागनं लोक जेवायला बोलवायचे का?" ते तिला माहीत नव्हतं. ती हसली होती आणि तोही हसला होता. पण तो प्रश्न त्याचा स्वतःचा होता, हे तिला नंतर कळलं. सोसायटीत लिफ्टचा विषय आला तेव्हा मानसिंग नाही म्हणाला. बाहेरून लिफ्ट लावली असती तर तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरांचा उजेड गेला असता, त्यात यांचंही स्वयंपाकघर आलं. चौथ्या मजल्यावरच्या मालतीबाईंचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. विषय पुढल्या सभेवर गेला, तिथून पुढल्या, आणि मरून गेला. मालतीबाई हळूहळू खाली यायच्या बंद झाल्या. संक्रांतीला राजलक्ष्मी वर जायची तेव्हा त्या तिळगूळ द्यायच्या, गोड बोलायच्या, लिफ्टचं नावही काढायच्या नाहीत, आणि तिला जिना उतरताना फार लाज वाटायची. ते मानसिंगचं नाही चुकीचं होतं. स्वार्थी होतं. तसं ती त्याला म्हणालीही होती.

आणि दुसरं एक नाही होतं. दुसऱ्या मजल्यावर शेख नावाचं कुटुंब भाड्यानं आलं, नवरा औषधाच्या कंपनीत, बायको बाळंत व्हायची होती. सभेत विषय निघाला की इथून पुढे 'आपल्यातल्या' माणसांनाच जागा भाड्यानं द्यायची. चौथ्या मजल्यापासून होय, होय, होय करत तोंडं खाली येत गेली. सगळी ओळखीची, चांगली माणसं. मानसिंग उठून उभाही राहिला नाही. बसल्या बसल्या म्हणाला, "आमचं न्हाई." चार महिने मानसिंगच्या घरी कुणी हळदीकुंकवाला आलं नाही. शेखांची मुलगी याच बिल्डिंगमध्ये चालायला शिकली. राजलक्ष्मीला त्या चार महिन्यांत जेवढा नवऱ्याचा अभिमान वाटला तेवढा एरवी कधी वाटला नव्हता, आणि जेवढं एकटं वाटलं तेवढंही कधी वाटलं नव्हतं.

तिचं स्वतःचं आयुष्य तरी कशावर उभं होतं? लग्न ठरताना तिनं अट घातली होती, पुढं शिकणार. सातारच्या त्यांच्या माजघरात सगळे हसले होते, मानसिंग तेवढा होय म्हणाला होता. नंतर सासूनं दोनदा पुस्तकं माळ्यावर टाकली. राजाबाई तिचं नाव. शब्द खाली पडू द्यायची नाही. तिसऱ्यांदा ती म्हणाली की आता पुरं, घरात पोर रडतंय आणि ही वाचतीय. मानसिंग तेव्हा कंपनीतून दमून आलेला. आईच्या पाया पडला आणि म्हणाला, न्हाई, ती शिकणार. आई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. तो शब्द त्यानं कधीच मोडला नाही, त्याबद्दल कधी काही मागितलंही नाही. त्याच्या नाहीवर आपण प्राध्यापक झालो, हे राजलक्ष्मी मनातल्या मनात नेहमी म्हणायची. त्याला तोंडावर कधी सांगितलं नाही, ते राहूनच गेलं.

मोबाइल वाजला. उत्कर्षा होती. "आई, सभा आहे ना आज? बाबांना कशाला नेतेस? तू सांग ना त्यांच्या वतीनं." राजलक्ष्मी म्हणाली की इथं ज्याचं त्यानंच सांगायचं असतं. उत्कर्षा म्हणाली, "आई, बाबांच्या नगंला काही अर्थ नाहीये. तो फक्त आवाज आहे. तू त्यात उगाच अर्थ शोधत बसतेस, म्हणून तुला त्रास होतो." तिचं म्हणणं मायेचंच होतं. पुढे ती म्हणाली, "आणि मालतीबाईंच्या अंगावर स्लॅब पडला असता म्हणजे?" गेल्या महिन्यात मालतीबाई पाणी प्यायला उठल्या आणि त्यांच्या कॉटवर, उशीवरच, छताचा हातभर तुकडा येऊन पडला. सगळी बिल्डिंग तो तुकडा बघून आली. सळ्या गंजून फुगल्या होत्या. इंजिनिअरनं सांगितलं, राहण्यालायक नाही. ज्यांच्या घरात लहान मुलं होती त्या बायका रात्री मुलांना दाराच्या चौकटीखाली निजवत होत्या. त्यांच्याकडे बघितलं की राजलक्ष्मीला वाटायचं, यात विचार करण्यासारखं काही नाहीच.

पण मानसिंग का नाही म्हणतोय, हेही तिला ठाऊक होतं. गोटीराम त्याचा युनियनमधला दोस्त. त्याची बिल्डिंग पाडली, ती माणसं नावड्याला भाड्यानं गेली आणि दीड वर्षात गोटीराम तिथे वारला. मानसिंग पोचला तेव्हा खांदा द्यायला मुलगा आणि जावई सोडून तिसरं कुणी नव्हतं. शेजारच्यांना नावही माहीत नव्हतं, खाली वॉचमननं विचारलं, कुठल्या फ्लॅटचं? घरी येऊन मानसिंग आंघोळ करून बसला आणि म्हणाला, "राजी, मला हितनंच न्ह्यायचं. ह्याच दारातनं. भाड्याच्या घरातनं न्हाई." ती म्हणाली होती, बरं. त्यानं पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा बरं म्हटलं. झटका यायच्या आधीचं ते वर्ष. शब्द दिला होता तिनं.

आणि ती दमली होती. हे कुणाला सांगायचं? त्याला उचलायचं, कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं, आणि दिवसभर नगं नगं ऐकायचं. नव्या घरात मोठं न्हाणीघर असणार होतं, खुर्ची सरळ आत जाईल असं. भाड्याचं घर उत्कर्षा बघून देणार होती, माणूस ठेवणार होती. कधी कधी तिच्या मनात यायचं की तीन वर्षांनी नव्या घरात आपण एकटीच जाणार. आणि मग त्या न्हाणीघराचा विचार तिथंच तोडून ती उठायची.

तिनं त्याला आवरलं. पांढरा शर्ट घातला, भांग पाडला. "सभेला जायचंय," ती म्हणाली. खुर्ची दारापाशी आली तेव्हा त्यानं डावा पाय उचलला आणि चौकटीला लावला. चांगला पाय तेवढा एकच. तो लावून त्यानं असा जोर दिला की खुर्ची हटेना. डोळे मिटलेले. "अहो," ती म्हणाली, "लोक थांबलेत." पाय हलला नाही. तिला एकदम पोलंडच्या त्या माणसाची आठवण झाली; तासाला वेळ उरला तरच ती त्याचं सांगायची. देशाची पहिली वाटणी मान्य करायला संसद बसली होती, सगळे होय म्हणणार होते, तेव्हा एक सभासद दारात आडवा पडला. जायचं तर मला तुडवून जा, म्हणाला. लोक त्याला ओलांडून गेले. पुढे त्याला वेड लागलं. राजलक्ष्मी वाकली. तिनं मानसिंगचा पाय दोन्ही हातांत धरला, थोडा वेळ नुसताच धरून ठेवला, मग चौकटीवरून काढून हलकेच खाली खुर्चीच्या पायरीवर ठेवला. त्यानं पुन्हा उचलला नाही.

शेडखाली सगळी बिल्डिंग जमली होती. मालतीबाईंना दोघा शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलं होतं. किती वर्षांनी त्यांनी आवारातली माती बघितली असेल. त्या इकडं तिकडं बघत होत्या, कुणाकुणाची मुलं केवढी झाली म्हणत होत्या. मानसिंगकडे बघून त्यांनी हात जोडले. उदयसिंहनं थोडक्यात सांगितलं, भाषण केलं नाही, आणि रिवाजाप्रमाणे वरून सुरुवात केली. मालतीबाईंनी पहिलं होय म्हटलं. "माझं होय. आता राहवत न्हाई वर," त्या म्हणाल्या. मग चौथा मजला, तिसरा, दुसरा, पहिला, होय, आमचं होय, होय की, आणि प्रत्येक होयबरोबर राजलक्ष्मीला छातीत कुणीतरी एकेक दार लावत आणल्यासारखं वाटत होतं. तळमजला आला. शेवटचं घर त्यांचंच.

"दादा," उदयसिंह खाली वाकून म्हणाला, "तुमचं काय?"

मानसिंगनं डोळे मिटले. डावा पंजा मांडीवर दाबला. "नगं," तो म्हणाला. खालच्या आवाजात, स्पष्ट.

कुणी हसलं नाही. मग उदयसिंहनं मान वर करून, अगदी आदरानं, विचारलं, "वहिनी, दादा काय म्हणत्यात?"

तिनं मालतीबाईंकडे बघितलं. रात्री चौकटीखाली मुलं निजवणाऱ्या बायकांकडे बघितलं. त्या सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. खरं सांगितलं असतं तर विषय पुढल्या सभेवर गेला असता, किंवा या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा हात मोजले असते, आणि दोन्हींपैकी काहीही झालं असतं तरी मानसिंगचा शब्द मानसिंगचाच राहिला असता. एवढंच तिला करायचं होतं. एवढंच तिच्या हातात होतं.

"होय म्हणतात," राजलक्ष्मी म्हणाली.

शेडखाली एकदम गलका झाला. कुणीतरी टाळी वाजवली, कुणी मोरया म्हटलं. उदयसिंह लिहायला बसला, एकमताने. मालतीबाईंनी तिचा हात धरून डोळ्यांना लावला. राजलक्ष्मीनं खाली बघितलं तेव्हा मानसिंगनं डोळे उघडले होते आणि तो तिच्याकडे बघत होता. रागानं बघत असता तर तिला सोसलं असतं. नव्या माणसाकडे बघावं, ओळख लागते का ते बघावं, तसं तो बघत होता.

त्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे चार घरांतून जेवण आलं. पुरणपोळ्या, कोशिंबीर, कुणी घरचं लोणचं. एवढी ताटं या घरात कधी आली नव्हती. तिनं पोळीचा घास मानसिंगच्या तोंडाशी नेला. "खाताय ना?" तो काही म्हणाला नाही. तोंड उघडलं, घास खाल्ला. चहाच्या वेळी विचारलं, चहा? तोंड उघडलं. पंखा लावू? काही नाही. दमला असेल, तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं उत्कर्षाचा फोन लावून त्याच्या कानाशी धरला, लेक पलीकडून बाबा बाबा करत राहिली, तो खिडकीबाहेर बघत राहिला. डॉक्टर येऊन तपासून गेले. नवीन काही झालेलं नाही म्हणाले, आवाज शाबूत आहे, कधी कधी असं होतं. तिला आवाज शाबूत आहे हेच ऐकायचं नव्हतं. तिनं मग वेड्यासारखे प्रयोग केले. कारल्याचा रस त्याला जन्मात आवडला नव्हता. तो वाटीभर केला आणि चमच्यानं भरवला. तो निमूट प्याला. कडू आहे हो, ती म्हणाली, नगं म्हणा. त्यानं पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं. वाटी बाजूला ठेवून ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि तोंड धुऊन परत आली.

पाठ तसाच पडून होता. एका दुपारी ती लिहायला बसली. राजानं शब्द मोडला तर आज्ञा पाळण्याचं बंधन नाही, त्या कलमापाशी थांबली. किती वर्षं शिकवलं आपण हे. मुलांना वाटायचं, प्रजा बंड करेल, तलवारी उपसेल. पण ज्या माणसाकडे बंड करायला एकच शब्द होता आणि तोही कुणी त्याच्या देखत दुसराच करून टाकला, त्यानं काय करायचं? तो सगळं पाळायला लागतो. कूस बदलली की बदलतो, भरवलं की खातो. एवढा आज्ञाधारक माणूस तिनं आयुष्यात बघितलं नव्हतं आणि तिला त्याची भीती वाटत होती. एका माणसाच्या नाहीमुळे राज्य बुडालं, हे वाक्य तिनं लिहिलं नाही. त्या जागी दुसरं काय लिहावं तेही तिला सुचलं नाही. पाठ तिथंच संपवून तिनं तो पाठवून दिला.

घरं रिकामी करायचा महिना आला. टेम्पो आवारात येऊन उभे राहू लागले. मालतीबाई लेकाकडे दिघ्याला गेल्या, जाताना खिडकीशी खुर्ची थांबवून म्हणाल्या, "दादा, नव्या घरात भेटू, लिफ्टनं येते तुमच्याकडं." मानसिंगनं त्यांच्याकडे बघितलं. त्या थोडं थांबल्या, नेहमीचं उत्तर येईल म्हणून, आणि मग गेल्या.

त्यांचं सामान शेवटी निघालं. घर रिकामं झाल्यावर भिंतींवर कॅलेंडरांच्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. उत्कर्षा पुढे जाऊन भाड्याच्या घरात लावालावी करत होती. राजलक्ष्मीनं मानसिंगला तोच पांढरा शर्ट घातला, खुर्चीत बसवलं, खुर्ची दारापर्यंत आणली आणि थांबली. त्याचा डावा पाय खाली खुर्चीच्या पायरीवर होता. चौकट त्याच्या पायापासून वीतभर लांब होती. तिनं खुर्ची थोडी पुढे घेतली, पाय सहज पोचेल इतकी, आणि पुन्हा थांबली. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. "येतो, येतो," ती ओरडून म्हणाली, आणि मग खाली वाकून त्याच्या कानाशी, हळू आवाजात, "अहो, पाय लावा की. मी नाही काढणार. खरंच नाही काढणार."

ती वाट बघत उभी राहिली. टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. मानसिंग समोर बघत होता, दोन्ही पाय पायरीवर नीट जुळवून. शेवटी तिनं खुर्ची ढकलली. ती दारातून सहज बाहेर आली.